पार्किन्सन्ससह व्यायाम : सभागृहातल्या वर्गाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार – जागा

वर्ग दर सोमवारी आणि गुरुवारी, पुण्यात, वसाहतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. लिफ्टची सोय असलेली वरची जागाही मिळत होती, पण तळमजलाच घेतला. लिफ्टचे दार उघडते, मागचे लोक खोळंबतात, आत शिरायची घाई होते आणि नेमके तिथेच पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच अडतात. शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण, वर्गात पोहोचतो तो दमून आणि ओशाळून.

सभागृहातून आज काढले ते असे : मधली सतरंजी, दारातले पायपुसणे, टेबलफॅन आणि त्याची जमिनीवरून गेलेली वायर, कोपऱ्यातले स्टूल. पाय फरफटत चालणाऱ्याला सतरंजीची दुमडलेली कड पुरेशी असते. दाराचा उंबरठा काढता येण्यासारखा नाही. त्याच्या वरच्या कडेला पिवळी पट्टी लावली आणि उजव्या हाताला भिंतीत आधाराचा दांडा बसवून घेतला. भिंतीलगत ८ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पट्टा पूर्ण मोकळा ठेवायचा. तिथे पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या काहीही ठेवू द्यायचे नाही.

जागेची एवढी तयारी करण्याचे कारण पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. घरोघरी शुभार्थीला 'जपून, हळू, आता बसा' असे दिवसभर ऐकवले जाते. त्यामागे माया असते, पण या आजारात हालचाल आपोआप लहान आणि मंद होत जाते आणि बसून राहिल्याने ती आणखी आखडते. खुर्चीत बसून मनगटे फिरवण्यापुरता व्यायाम इथे पुरत नाही. घाम यायला हवा, धाप लागायला हवी. तेवढे कष्ट निर्धास्तपणे करता यावेत यासाठी ही जागा.

५ जून, गुरुवार – खुर्च्या आणि पट्ट्या

सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या चालणार नाहीत. पुढे सरकून उठताना हातांनी दाब दिला की गुळगुळीत फरशीवर त्यांचे मागचे पाय घसरतात. लोखंडी घडीच्या खुर्चीच्या कडेवर वजन आले की ती पुढे कलंडते. हात असलेल्या, जड, लाकडी खुर्च्या घेतल्या. बैठकीची उंची ४५ सेंटीमीटर. पाठ भिंतीला टेकवून ठेवायच्या.

जमिनीवर आडव्या पट्ट्या मारल्या. फरशी गडद कोटा आहे म्हणून पिवळा रंग. पांढऱ्या टाइल्सवर काळा किंवा गडद निळा लागेल. पट्टी दोन इंच रुंद आणि चालण्याच्या दिशेला आडवी, कारण पायाला 'ओलांडायला' काहीतरी हवे असते; दिशेला समांतर ओढलेल्या रेघेने तो उपयोग होत नाही. दोन रांगा केल्या : एकीत दोन पट्ट्यांमधले अंतर ४० सेंटीमीटर, दुसरीत ५०. ज्याची-त्याची चांगल्या वेळेतली पावले मोजून रांग ठरवायची. उंच माणसाला ४०च्या रांगेत चालवले तर त्याचे पाऊल उलट आखडते.

कागदी मास्किंग टेप नको. ओल्या फडक्याने पुसले की तिचे कोपरे उचकटतात आणि त्यातच पाय अडकतो. जमिनीवर खुणा करण्यासाठी मिळणारी पीव्हीसी टेप वापरली. दर सोमवारी वर्गाआधी सगळे कोपरे अंगठ्याने दाबून पाहायचे.

९ जून, सोमवार – वेळ

वर्ग साडेदहाला. ही वेळ सभागृहाच्या नव्हे, गोळीच्या सोयीने ठरली. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा, परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात सुरू होतो, त्यामुळे साडेनऊच्या सुमाराची गोळी घेणारे बहुतेक जण साडेदहाला 'ऑन' असतात, म्हणजे गोळीचा असर चालू असतो. ज्यांची वेळ वेगळी आहे त्यांना गोळी पुढे-मागे करायला आपण सांगायचे नाही, ते काम त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टचे. आपण फक्त गोळी किती वाजता, असर कधी सुरू होतो आणि कधी उतरतो, हे तीन रकाने भरून घ्यायचे.

या रकान्यांतून एक गोष्ट हमखास बाहेर येते : गोळी दुधाबरोबर घेतली जाते. प्रथिने आतड्यातून शोषले जाण्यासाठी लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. त्यामुळे दूध, अंडे किंवा उसळीबरोबर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते, कधी अर्धवटच. सर्वसाधारण सल्ला खाण्याआधी अर्धा तास किंवा खाल्ल्यावर एक तासाने, साध्या पाण्याबरोबर. मळमळ होणाऱ्याने बिस्किटासारखे कमी प्रथिनांचे थोडे काही खाल्ले तर चालते. वर्गात कुणी 'आज काही जमत नाही' म्हणाले तर आधी नाश्ता काय केला आणि किती वाजता, हे विचारायचे.

१२ जून, गुरुवार – सुरुवातीची मोजमापे

रक्तदाब आधी. पाच मिनिटे बसवून एकदा, उभे केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या दिवशी उभ्याचे व्यायाम थांबवायचे, बैठे करायचे आणि नोंद डॉक्टरांकडे पाठवायची. या आजारात आणि काही औषधांनीही उभे राहताना दाब पडतो. चक्कर येतेच असे नाही. कुणी नुसते 'मान आणि खांदे भरून आले' म्हणतो, कुणाची नजर धूसर होते. उपाय साधे आहेत : पाण्यावर बंधन नसेल तर वर्गाआधी दोन पेले पाणी, आणि उठण्यापूर्वी बसल्या जागी टाचा वीस वेळा उचलणे.

नंतर दोन चाचण्या. पहिली : हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस. १६ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका अधिक समजायचा. दुसरी : खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. इथे ११.५ सेकंदांची रेघ धरतात. पण घड्याळापेक्षा वळण जास्त बोलते. किती पावलांत वळतो, हात झुलतात का, बसताना खुर्चीवर अंग टाकतो का, हे शेऱ्यात लिहायचे.

प्रत्येक कागदावर गोळीपासूनचा वेळही लिहायचा. 'ऑफ'मध्ये, म्हणजे असर उतरलेला असताना, घेतलेल्या आकड्याची 'ऑन'मधल्या आकड्याशी तुलना होत नाही.

१६ जून, सोमवार – तासाची घडण

दर तीन शुभार्थींमागे एक मदतनीस. त्याने शेजारी, किंचित मागे उभे राहायचे. समोर उभे राहून हात धरायचे नाहीत, त्याने शुभार्थीचे वजन पुढे ओढले जाते.

पहिली दहा मिनिटे बसून, पण आळसावलेली नव्हे. दोन्ही हात बाजूला पूर्ण ताणून, बोटे फाकवून, नजर बोटांच्या टोकाकडे. आकडे मोठ्याने म्हणायचे, आवाज सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला पाहिजे. आवाज बारीक होणे आणि पाऊल लहान होणे यांचे मूळ एकच आहे : मेंदूचा 'एवढे पुरे' हा अंदाजच खाली घसरलेला असतो. म्हणून शुभार्थीला 'मी फार अवाजवी करतोय' असे वाटते तेव्हा बघणाऱ्याला ती हालचाल जेमतेम नेहमीसारखी दिसते. हे मोबाइलवर चित्रीकरण करून लगेच दाखवायचे. सांगून पटत नाही, बघून पटते. 'एलएसव्हीटी बिग' ही उपचारपद्धत याच पायावर उभी आहे. ती आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, एकास एक घेतात; गटवर्गात तिचे फक्त तत्त्व घेता येते.

मग उठ-बस. वर्गातला सर्वांत मोलाचा व्यायाम हाच. खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकायचे, एकेक नितंब उचलत. दोन्ही पावले गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यायची, मध्ये वीतभर अंतर. आता पुढे वाकायचे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. बहुतेकांचे चुकते ते इथेच : पडण्याच्या भीतीने पाठ मागेच राहते, वजन टाचांवर जाते आणि अर्धवट उठून माणूस परत खुर्चीत आदळतो. वाकल्यावर एक-दोन-तीनला जमीन पायांनी खाली ढकलत एकदम उठायचे. उभे झाल्यावर ताठ, नजर समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे. बसताना पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला खुर्ची टेकली की मगच खाली, तीन आकडे मोजत. दहाचे दोन संच. सोपे वाटू लागले की हात बांधून. त्यापुढे छातीशी एक लिटरची भरलेली बाटली, म्हणजे एक किलो.

ताकदीसाठी अंग ताठ ठेवणारे स्नायू आधी : पाठ, नितंब, मांडीचा पुढचा भाग. अंग पुढे झुकत जाते, म्हणून पोट आवळून वाकायचे व्यायाम घेत नाही. रबरी पट्टा दाराच्या मुठीला अडकवून दोन्ही हातांची कोपरे मागे ओढायची. भिंतीला पाठ, डोके आणि टाचा लावून हात वर सरकवायचे. १० ते १५ आवर्तने, आठवड्यातून दोन-तीन दिवस, सलग दिवशी नाही.

दम लागण्याचा व्यायाम शेवटी, वीस मिनिटे : भिंतीलगत वेगाने चालणे किंवा स्थिर सायकल. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्पार्क्स' चाचणीत औषध सुरू न झालेल्या नव्या रुग्णांना ट्रेडमिलवर कमाल नाडीच्या ८० ते ८५ टक्के इतक्या जोराने चालवले होते, आणि ते त्यांना झेपले. आपल्या वर्गात नाडीचे सूत्र मात्र वापरत नाही. या आजारात श्रमाबरोबर नाडी हवी तितकी चढेलच असे नसते, शिवाय अनेक जण बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारे औषध, घेत असतात. शून्य ते दहाच्या पट्टीवर 'किती कष्ट पडताहेत' हे विचारायचे. पहिल्या महिन्यात ४ ते ५, पुढे हृदयाची तपासणी झालेल्यांनाच ६ ते ७. सातला सलग दोन-तीन शब्दच बोलता येतात.

कष्टात कंप वाढतो. घरचे घाबरतात आणि थांबवतात. तो तात्पुरता असतो, विश्रांतीने उतरतो. थांबायची कारणे वेगळी : छातीत दुखणे, घेरी, दम न परतणे, नवे दुखणे.

१९ जून, गुरुवार – मेट्रोनोम

मोबाइलवरचे मेट्रोनोमचे (ठरावीक वेगाने ठोके देणारे) फुकट ॲप आणि छोटा स्पीकर. आधी प्रत्येकाची मिनिटाला पडणारी पावले मोजायची. ज्यांचे पाय चिकटत नाहीत त्यांना त्यापेक्षा साधारण १० टक्के जलद ठोका, ज्यांचे चिकटतात त्यांना १० टक्के मंद. सगळ्यांना एकच ठोका लावला की चिकटणाऱ्यांची पावले आखूड आणि घाईची होतात, अंग पुढे जाते आणि पाय मागे राहतात. म्हणून दोन गट, दोन वेळा.

२६ जून, गुरुवार – पाय चिकटणे

आजचा पूर्ण तास यावर. चिकटण्याच्या जागा ठरलेल्या असतात : दार, वळण, खुर्चीजवळ पोहोचतानाची शेवटची दोन पावले, गर्दी, फोनची घंटा. सरळ मोकळ्या जागेत छान चालणारा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभाच राहतो, आणि घरच्यांना वाटते की हा मुद्दाम करतोय. आपोआप चालण्याची वाट आजाराने बिघडलेली असते, पण डोळ्यांनी पाहून किंवा ऐकून ठरवलेल्या हालचालीची वाट बरीच शाबूत असते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका रुग्णाचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. त्याला चार पावले चालणे कठीण होते, पण तो सायकल सफाईने चालवत होता. पट्ट्या, ठोका आणि मोजणी यांचा उपयोग होतो तो ही शाबूत वाट वापरली जाते म्हणून.

शिकवलेला क्रम : थांबा. श्वास सोडा. ताठ व्हा, टाचा जमिनीला. वजन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आता मोकळ्या पायाने एक मोठे पाऊल, मोठ्याने 'एक' म्हणत. महत्त्वाचा शब्द पहिलाच. चिकटलेल्या पायांनी ढकलाढकली केली की धड पुढे जाते आणि माणूस गुडघ्यांवर पडतो.

शुभंकरांसाठी, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी : ओढू नका, 'चला चला' म्हणू नका, एकाच वेळी दोघांनी सूचना देऊ नका. शेजारी उभे राहून आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवा आणि 'हा ओलांडा' एवढेच सांगा. बहुतेक वेळा पाऊल सुटते.

वळण जागच्या जागी पाय पिळून नको. मोकळ्या जागेत अर्धवर्तुळ घेऊन वळायचे. अरुंद स्वयंपाकघरात घड्याळाचे आकडे डोळ्यांपुढे आणायचे : एक पाय १२ वरून ३ वर उचलून ठेवायचा, दुसरा तिथे आणायचा, मग ६. ओट्यापासून फ्रिजकडे वळताना हातात पातेले असेल तर ते आधी ओट्यावर ठेवायचे.

चिकटणे 'ऑफ'मध्ये जास्त असते. वर्गात 'ऑन'मध्ये शिकलेला क्रम म्हणून घरी 'ऑफ'च्या वेळीही, सोबत माणूस असताना, करून पाहायचा. उचलून पुढे ठेवायचा वॉकर लय तोडतो, त्याने चिकटणे वाढू शकते. कोणते साधन घ्यायचे हे चालवून पाहून ठरवू, दुकानातून थेट आणू नये.

३ जुलै, गुरुवार – पावली

रविवारी आषाढी. वारकऱ्यांची पावली आज वर्गात आणली, आणि ती कायम ठेवायची असे ठरले. पुढे टाकलेल्या पायावर पूर्ण वजन, मागचा पाय उचलून जागेवर, मग वजन परत मागे : तोल सांभाळायला जे शिकवायचे ते सगळे यात आहे, आणि लहानपणापासून अंगात मुरलेले आहे. 'ज्ञानोबा-तुकाराम' हा ठेका आतूनच चालू राहतो, मेट्रोनोम लागत नाही.

केलेले फेरफार : उडी नाही, फुगडी नाही, गिरकी नाही. पहिल्या फेऱ्या खुर्चीची पाठ धरून. टाळ सुरुवातीला हातात द्यायचे नाहीत, पाय पक्के झाले की मग. हात आणि पाय एकदम दिले की एकाची हालचाल लहान होते, बहुधा पायाची.

एक धोका ध्यानात ठेवायचा. भजनाची लय चढत जाते. पखवाज द्रुत झाला की शुभार्थींची पावले त्याच्यामागे धावू लागतात आणि आखूड होतात. त्यामुळे एकाच लयीतले ध्वनिमुद्रण वापरायचे, किंवा वाजवणाऱ्याला आधी बजावून ठेवायचे की शेवटपर्यंत विलंबितच.

लेझीमही याच कारणाने चांगली : हात खांद्याच्या वर जातो आणि आवाज आला नाही तर हालचाल अपुरी हे लगेच कळते. शाळेतली हलकी लेझीम घ्यावी.

१० जुलै, गुरुवार – पाऊस

छत्र्या बाहेर बादलीत. दारात पाय पुसायला खुर्चीवर बसवायचे, एका पायावर उभे करायचे नाही. वर्गातले बूट वेगळे, कोरडे. मागून बंद, पातळ आणि टणक तळव्याचे. अंगठ्याच्या स्लिपर बाद. जाड रबरी तळवाही नको : तो फरशीला धरून ठेवतो आणि फरफटणारा पाय तिथेच अडतो.

२१ जुलै, सोमवार – जमिनीवरून उठणे

पडल्यावर उठता येईल ही खात्री असली की चालण्यातली भीती कमी होते. चटईवर, प्रत्येकी मदतनीस लावून घेतले. पडल्यावर लगेच उठायचे नाही. दुखते कुठे हे पाहायचे, पाठीवर गुडघे वाकवायचे, दोन्ही गुडघे एका बाजूला पाडून कुशीवर वळायचे. कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर. रांगत जड खुर्चीपर्यंत. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढे, ढकलून वर आणि वळून खुर्चीत. तिथे दोन मिनिटे बसून रक्तदाब स्थिरावू द्यायचा. कंबर किंवा मांडीत तीव्र दुखत असेल तर उठवायचेच नाही, रुग्णवाहिका बोलवायची. गुडघ्यांवर भार घेता येत नसेल त्यांना चटईवर नेले नाही.

४ ऑगस्ट, सोमवार – घरचा तक्ता

आठवड्यातले दोन तास पुरत नाहीत. दम लागण्याचा व्यायाम किमान तीन दिवस, दर वेळी अर्धा तास हवा, ताणाचे रोज. घरी दिलेला तक्ता एका पानाचा, अक्षर मोठे, चारच ओळी : सकाळी बिछान्यात दोन्ही गुडघे डावी-उजवीकडे दहा वेळा (रात्रीची ताठरता याने सुटते आणि कुशीवर वळणे सोपे होते); जेवणाआधी दर वेळी उठ-बस दहा; भिंतीला पाठ लावून दोन मिनिटे; संध्याकाळी ठोक्यावर चालणे.

तक्ता बंद पडतो तो बहुधा आळसाने नव्हे. पार्किन्सन्समध्ये उदासी आणि निरुत्साह हे आजाराचेच भाग आहेत, आणि 'स्वतःहून सुरू करणे' हीच अवघड गोष्ट होऊन बसते. एकदा सुरू केले की जमते. म्हणून वेळ गोळीच्या गजराला जोडायची आणि दोघा-दोघांची जोडी लावून एकमेकांना फोन करायला सांगायचे. फोन बसून घ्यायचा.

२५ ऑगस्ट, सोमवार – गर्दीची तयारी

बुधवारी गणपती बसतात. सभागृहात खुर्च्या दाटीने मांडून मधून वाट काढण्याचा सराव. नजर माणसांवर नको, तीन-चार पावलांपुढच्या मोकळ्या फरशीवर हवी. आरतीला उभे राहणाऱ्यांनी पाय थोडे मागे-पुढे ठेवावेत, शेजारी-शेजारी नकोत, म्हणजे मागून धक्का लागला तर तोल सहज जात नाही. उभे राहणे लांबले तर टाचा उचलत राहावे. ताम्हन दुसऱ्याच्या हाती द्यावे, आपण टाळ्या वाजवाव्यात, मोठ्या.

८ सप्टेंबर, सोमवार – पुन्हा मोजमाप

जूनमधल्या त्याच खुर्च्या, तेच ३ मीटर, गोळीपासून तेवढाच वेळ. ज्यांची उठ-बस सुधारली पण वळणातली पावले तेवढीच राहिली, त्यांना ताकदीचा वेळ कमी करून तोलाचा वाढवायचा. पुढच्या फेरीत त्यांच्यासाठी ताई-ची, हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम, घेणार. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या २०१२ सालच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे ताई-ची केलेल्यांचा तोल सुधारला आणि ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा ते कमी वेळा पडले.

ज्यांचा आकडा घसरला त्यांच्या बाबतीत आधी औषधाच्या वेळा, मग रक्तदाब, मग दुखणारा गुडघा, मग झोप, या क्रमाने चौकशी. पार्किन्सन्स बळावला असे इतक्यात लिहायचे नाही. कुणी वर्गात नव्याने गोंधळणारे किंवा वारंवार पडू लागलेले असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे याच आठवड्यात चिठ्ठी.

५० सेंटीमीटरच्या रांगेतल्या दारापासच्या तीन पट्ट्या झिजल्या आहेत. गुरुवारच्या आत बदलायच्या.